काठिण्य मापात, तरीही दातांवर खड्डे : केस हार्डन केलेल्या पिनियनची तपासणी नेमकी कुठून सुरू करावी?

दंतचक्र (धागाकर्ता)

नमस्कार. एका हेलिकल पिनियनच्या (तिरक्या दातांच्या लहान गिअरच्या) दातांवर अपेक्षित आयुष्याच्या बऱ्याच आधी मोठे खड्डे पडले आहेत. त्याचा तपासणी अहवाल हाती आला आहे, पण तो वाचून समाधान झालेले नाही, म्हणून हा धागा. पिनियन २० एमएनसीआर ५ पोलादाचे आहे. गॅस कार्ब्युरायझिंग (तापवून पृष्ठभागात कार्बन शिरवणे), तेलात क्वेंचिंग (झटकन थंड करणे), टेम्परिंग (ठिसूळपणा कमी करण्यासाठी पुन्हा थोडे तापवणे) आणि शेवटी दातांचे ग्राइंडिंग असा त्याच्या निर्मितीचा क्रम आहे. ड्रॉइंगमध्ये ग्राइंडिंगनंतरची केस डेप्थ, म्हणजे काठिण्य ५५० एचव्हीपर्यंत (व्हिकर्स मापाने) उतरते तिथपर्यंतची कठीण थराची खोली, ०.८ ते १.१ मिमी मागितलेली आहे.

खड्डे फक्त भार घेणाऱ्या फ्लँकवर (दाताच्या बाजूवर) आहेत आणि तेही सगळ्या दातांवर नाहीत. शेजारशेजारच्या काही दातांचा एक गट खराब झाला आहे, तर त्याच्या बरोबर समोरच्या अंगाचे दात जवळजवळ स्वच्छ आहेत. खड्ड्यांची खोली पाऊण मिलिमीटरच्या आसपास असून कडा उभ्या आहेत. अहवालानुसार रासायनिक घटक योग्य आहेत, पृष्ठभागाचे काठिण्य ६० एचआरसी (रॉकवेल सी) आहे आणि बॅचबरोबर भट्टीत ठेवलेल्या टेस्ट पीसची केस डेप्थ १.१५ मिमी आहे. एवढ्यावरून ‘धातू आणि हीट ट्रीटमेंट निर्दोष, बिघाड ओव्हरलोडमुळे’ असा निष्कर्ष काढला आहे.

हा निष्कर्ष मान्य करावा का? आणि तुमच्याकडे हे पिनियन आले असते तर तुम्ही तपासणी कोणत्या क्रमाने केली असती?

अपघर्षक

निदान होत नसले की डॉक्टर ‘व्हायरल’ म्हणतात, तसे काही प्रयोगशाळा ‘ओव्हरलोड’ म्हणतात.

सूक्ष्मदर्शी

विनोद बाजूला ठेवला तरी मुद्दा खरा आहे. तुम्ही सांगितलेल्या तीन चाचण्यांपैकी एकही चाचणी बिघाडाच्या जागेवर झालेली नाही. स्पेक्ट्रोने (रासायनिक घटकांच्या चाचणीने) पोलाद कोणते ते कळले, रॉकवेलने वरचा थर कठीण आहे एवढे कळले आणि टेस्ट पीसने टेस्ट पीसची माहिती दिली. तडा कुठून निघाला, या प्रश्नाला अहवालात हातच लावलेला नाही.

माझा क्रम असा असतो. कापण्यापूर्वी सगळ्या दातांना क्रमांक द्यावेत, दोन्ही फ्लँकचे फोटो घ्यावेत, संपर्काचा पट्टा दाताच्या रुंदीवर कुठे उमटला आहे ते टिपावे आणि गिअरबॉक्समधले तेल फेकून न देता त्याचा नमुना ठेवावा. खड्ड्यांवर वायर ब्रश फिरवू नये. मऊ ब्रश आणि सॉल्व्हंट पुरेसे असते. गॅस कटिंग पूर्णपणे वर्ज्य. भरपूर कूलंट सोडून ॲब्रेसिव्ह कटरनेच कापावे, कारण कापताना दात तापला तर आपण स्वतःच टेम्पर केलेला थर मोजत बसतो.

नंतर येतो सेक्शन (कापून पाहायचा छेद) कुठे घ्यायचा हा प्रश्न, आणि बहुतेक अहवाल इथेच फसतात. सगळ्यात मोठा खड्डा डोळ्यांत भरतो म्हणून तोच कापला जातो, पण तिथला आरंभबिंदू तुकड्याबरोबर निघून गेलेला असतो किंवा पुढच्या फेऱ्यांत चुरडलेला असतो. त्याच्या शेजारचा, वरून धड दिसणारा दात कापावा. तिथे तडा अजून पृष्ठभागापर्यंत पोचलेला नसण्याची शक्यता असते आणि मग त्याचे मूळ जागेवर सापडते.

नवशिका

एक प्राथमिक प्रश्न विचारतो. ६० एचआरसी आले म्हणजे निदान पृष्ठभाग तरी ठीक आहे असे मानता येत नाही का?

रेषाखंड

सरसकट मानता येत नाही, आणि त्याचे कारण साध्या गणितात आहे. रॉकवेल सी मापनात ६० आकडा येतो तेव्हा टोक सुमारे ०.०८ मिमी आत गेलेले असते. खुणेच्या खाली तिच्या खोलीच्या दसपट जाडीचा धातू हवा या नियमाने तो आकडा जवळपास ०.८ मिमी जाडीच्या थराचे एकत्रित उत्तर देतो. वरच्या दोन-तीन शतांश मिलिमीटरचा मऊ थर त्यात बुडून जातो. उलट केस पातळ असेल तर हीच चाचणी खालच्या गाभ्यामुळे कमी आकडा दाखवते.

मायक्रोहार्डनेसमध्येही (कमी भाराची बारीक खूण सूक्ष्मदर्शकाखाली मोजण्यात) अशीच एक मेख आहे. ७०० एचव्हीच्या पृष्ठभागावर १ किलो भाराने उमटणाऱ्या खुणेचा कर्ण साधारण ०.०५ मिमी असतो आणि कडेपासून निदान अडीच कर्ण अंतर सोडावे लागते. म्हणजे पहिले विश्वासार्ह वाचन पृष्ठभागापासून सुमारे ०.१३ मिमीवर मिळते. भार १०० ग्रॅम केला तर तेच अंतर सुमारे ०.०४ मिमीपर्यंत खाली येते. शिवाय पॉलिशिंगमध्ये कड गोल झाली असेल तर काठाजवळचे सगळे आकडे निरर्थक ठरतात, म्हणून कड धरून ठेवणाऱ्या कठीण रेझिनमध्येच माउंटिंग करावे.

अपघर्षक

त्या वरच्या थरावरून ग्राइंडिंग बर्नची आठवण झाली. टेम्परिंग १५० ते २०० अंशांना झालेले असते. ग्राइंडिंगमध्ये त्याहून जास्त उष्णता लागली की तो भाग मऊ होतो आणि तिथे ताणाची दिशाही उलटते, म्हणजे दाबाच्या जागी ओढ येते. उष्णता आणखी वाढली तर पातळ थर पुन्हा ऑस्टेनाइट (पोलादाचे तापलेल्या अवस्थेतले रूप) होऊन लगेच थंड होतो आणि टेम्पर न झालेले ठिसूळ मार्टेन्साइट (झटकन थंड झाल्यावर बनणारे कठीण रूप) तयार होते. नायटल एचिंगमध्ये (सौम्य नायट्रिक ॲसिड लावून पृष्ठभागाचा रंग पाहण्यात) पहिला प्रकार गडद दिसतो. दुसऱ्यात पांढरा डाग आणि त्याभोवती गडद कडा दिसते. आयएसओ १४१०४ मध्ये याची पद्धत दिलेली आहे. दंतचक्र, हे एचिंग झाले आहे का?

दंतचक्र

अहवालात त्याचा उल्लेख नाही. करून घेतो.

भट्टीवाला

बिघाड कुठलाही असो, पहिला संशय भट्टीवर जातो, हे आम्हाला सवयीचे झाले आहे. या वेळी ‘हीट ट्रीटमेंट निर्दोष’ असे कुणी लिहिले तर ते लोकांना पटत नाही, हेही गमतीचेच म्हणायचे. तरीही प्रामाणिकपणे काही गोष्टी विचारतो. टेस्ट पीस त्याच हीटच्या (एकाच वेळी वितळवलेल्या) पोलादाचा होता का? त्याचा व्यास किती होता? पिनियनच्या दाताच्या जाडीशी तो मिळताजुळता होता का?

कार्बन आत शिरण्याचे काम तापमान आणि वेळ यांवर चालते. ९२५ अंशांच्या आसपास एकूण केस डेप्थ ही तासांच्या वर्गमुळाला ०.६३५ ने गुणून ढोबळमानाने मिळते. चार तासांत सव्वा मिलिमीटरच्या जवळपास. हा भाग टेस्ट पीस आणि पिनियन दोघांनाही जवळजवळ सारखाच लागू पडतो. परंतु ५५० एचव्हीची रेषा कुठे पडेल ते फक्त कार्बनवर ठरत नाही, थंड होण्याच्या वेगावरही ठरते. बारीक टेस्ट पीस तेलात झटकन थंड होतो. मोठ्या पिनियनच्या दाताच्या मुळाशी जड धातू असतो आणि तो उष्णता पुरवत राहतो. त्यामुळे कार्बन तेवढाच असूनही प्रत्यक्ष दातावरची इफेक्टिव्ह केस डेप्थ टेस्ट पीसपेक्षा कमी भरू शकते. ही भट्टीची चूक नाही, टेस्ट पीस निवडणाऱ्याची आहे.

वंगण

सगळे धातुशास्त्रज्ञ जमले की तेल कुणाच्या लक्षातच राहत नाही. दोन फ्लँकमधला तेलाचा थर पृष्ठभागाच्या खडबडीतपणाच्या तुलनेत पातळ पडला की उंचवटे एकमेकांना घासतात आणि मायक्रोपिटिंग सुरू होते. तेलात पाणी शिरले, धातूचे कण फिरत राहिले, तर पृष्ठभागावर ओरखडे आणि खळगे पडतात आणि त्यांच्या कडांपासून तडे निघतात. उत्तम केस असलेले गिअरही असे वाया गेलेले पाहिले आहेत. काठिण्यावर एवढी चर्चा करण्याआधी तेलाची घनता, पाणी आणि कण यांचा अहवाल मागवायला हवा.

सूक्ष्मदर्शी

वंगण, तेलाचा अहवाल मागवायलाच हवा; फक्त घनतेच्या ऐवजी व्हिस्कॉसिटी म्हणा. मात्र या प्रकरणात खोली पाहा. मायक्रोपिटिंगचे खड्डे साधारण १० ते २० मायक्रॉन खोल असतात आणि फ्लँक करडा, धुरकट दिसतो. घसरणीमुळे पृष्ठभागावरून सुरू होणारे नेहमीचे पिटिंग बहुधा पिच रेषेच्या (दाताच्या मध्यावरच्या, घसरण नसलेल्या रेषेच्या) लगत खाली, डेडेंडममध्ये (मुळाकडच्या भागात) दिसते, कारण तिथे घसरण आणि रोलिंग विरुद्ध दिशांना असतात. इथे खड्डे पाऊण मिलिमीटर खोल आणि उभ्या कडांचे आहेत. तेल खराब असूही शकेल, पण एवढे खोल जाणारे पहिले कारण ते असण्याचा संभव मला कमी वाटतो.

वंगण

व्हिस्कॉसिटीची दुरुस्ती मान्य. संभव कमी म्हणजे शून्य नव्हे, एवढेच नोंदवतो.

कार्बनरेखा

रिटेन्ड ऑस्टेनाइटचा विषय अजून कुणी काढलेला नाही. पृष्ठभागावर कार्बन जास्त झाला की क्वेंचिंगनंतर ऑस्टेनाइट शिल्लक राहते, थर मऊ पडतो आणि वापरात त्याचे मार्टेन्साइट होत राहते. माझ्या मते २५ टक्क्यांच्या वर गेलेला भाग सरळ नाकारावा.

भट्टीवाला

इथे मतभेद आहे. मर्यादित रिटेन्ड ऑस्टेनाइट रोलिंग संपर्काच्या थकव्यात (वारंवारच्या भाराने तडे जाण्यात) उपयोगी पडते. तेलातल्या कणांमुळे पडलेल्या खळग्यांच्या कडा त्यामुळे तितक्या तीक्ष्ण राहत नाहीत. दाताच्या मुळाशी वाकण्याचा थकवा आणि मापांची स्थिरता महत्त्वाची असेल तिथे कडक मर्यादा हवी, हे मान्य. पण एकच आकडा सगळीकडे लावता येत नाही.

कार्बनरेखा

ठीक आहे, नाकारण्याचा शब्द मागे घेत नाही, पण ‘गिअरच्या कामाप्रमाणे’ अशी जोड देतो. मात्र तो आकडा सूक्ष्मदर्शकाखाली अंदाजाने लिहिलेला नसावा. नायटलने एच केलेल्या नमुन्यात १० टक्क्यांच्या आसपासचे ऑस्टेनाइट डोळ्यांना नीट दिसतच नाही. त्यासाठी एक्स-रे डिफ्रॅक्शनच करावे लागते.

नवशिका

थोडे विषयांतर होते आहे, पण विचारतो. तडा क्वेंचिंगचा की ग्राइंडिंगचा, हे कसे ओळखायचे?

रेषाखंड

तड्याच्या भिंती पाहायच्या. तडा कार्ब्युरायझिंगच्या आधीपासून असेल तर त्याच्या दोन्ही भिंतींवरही कार्बन शिरलेला दिसतो. क्वेंचिंगमध्ये गेलेल्या तड्याच्या भिंतींवर कार्बन बदललेला नसतो, पण टेम्परिंगच्या उष्णतेने ऑक्साइडचा पातळ रंग चढलेला असू शकतो. ग्राइंडिंगचा तडा स्वच्छ, उथळ आणि बहुधा ग्राइंडिंगच्या दिशेला काटकोनात किंवा जाळीसारखा असतो. मॅग्नेटिक पार्टिकल तपासणीत तो लगेच उठून दिसतो.

अपघर्षक

मूळ प्रश्नाकडे येतो, कारण दंतचक्र यांनी पहिल्याच पोस्टमध्ये एक महत्त्वाचे निरीक्षण दिले आहे आणि त्याच्यावरून सगळे पुढे निघून गेले. खराब दात एका कमानीत आहेत आणि समोरचे दात स्वच्छ आहेत. तेल खराब असते, पोलाद खराब असते किंवा गिअरबॉक्सवर सतत जास्त भार असता, तर सगळे दात कमीअधिक सारखेच भोगले असते. दाताच्या रुंदीच्या एका टोकालाच खड्डे असते, तर अलाइनमेंटवर संशय घेतला असता. एका बाजूच्या दातांचा गट खराब होतो तेव्हा मी आधी रनआउट (फिरताना केंद्र सरकलेले असणे) आठवतो.

हीट ट्रीटमेंटमध्ये पिनियन वाकते किंवा ग्राइंडिंगला लावताना किंचित अकेंद्री बसते. मग एका अंगाच्या दातांच्या या फ्लँकवरून जास्त स्टॉक (ग्राइंडिंगसाठी राखलेला धातू) निघतो आणि त्याच दाताच्या दुसऱ्या फ्लँकवरून कमी. समोरच्या अंगाला हेच उलटे होते. ग्राइंडिंग संपल्यावर गिअर चेकरवर प्रोफाइल आणि पिच दोन्ही अचूक येतात, कारण चेकर उरलेला आकार मोजतो. निघून गेलेली केस त्याला दिसत नाही.

भट्टीवाला

अपघर्षक यांनी स्वतःच्याच खात्याकडे बोट दाखवले, याची नोंद घ्यावी.

दंतचक्र

उशीर झाला, पण दोन्ही कामे करून घेतली. भार घेणाऱ्या फ्लँकचे नायटल एचिंग केले; बर्नची काहीही खूण नाही. त्यानंतर सूक्ष्मदर्शी यांच्या सल्ल्याप्रमाणे खराब गटाच्या टोकाचा, वरून धड दिसणारा दात कापला. निष्कर्ष असे आहेत. पृष्ठभागाखाली सुमारे ०.८ मिमीवर पृष्ठभागाला जवळजवळ समांतर जाणारा तडा आहे आणि तो अजून कुठेही वर आलेला नाही. तड्याच्या आसपास मोठे इन्क्लूजन (धातूत अडकलेला परका कण) दिसले नाही. भार घेणाऱ्या फ्लँकची केस डेप्थ ०.७० मिमी आहे आणि त्याच दाताच्या मागच्या फ्लँकची ०.९८ मिमी. गाभ्याचे काठिण्य ३०० एचव्हीच्या जवळ आहे.

आणखी एक गोष्ट प्रयोगशाळेतल्या माणसाने दाखवली. एच न करता पाहिले, तर मागच्या फ्लँकच्या अगदी कडेला कणसीमांवर (धातूच्या कणांच्या सांध्यांवर) बारीक काळ्या रेषा आहेत आणि भार घेणाऱ्या फ्लँकवर त्या अजिबात नाहीत.

कार्बनरेखा

त्या रेषा इंटरग्रॅन्युलर ऑक्सिडेशनच्या आहेत. गॅस कार्ब्युरायझिंगमध्ये क्रोमियम, मँगनीज आणि सिलिकॉन कणसीमांवर ऑक्सिजन पकडतात आणि एवढ्या केसला त्याची खोली साधारण १० ते २० मायक्रॉन असते. ग्राइंडिंगनंतर हा थर राहायलाच नको. तो मागच्या फ्लँकवर शिल्लक आहे, याचा अर्थ चाकाने तिथे नुसता स्पर्श केला आहे.

रेषाखंड

मग हिशेब मांडता येतो. ग्राइंडिंग स्टॉक प्रत्येक फ्लँकला ०.१५ मिमी ठेवला होता असे गृहीत धरू. दंतचक्र यांनी खात्री करावी. दोन फ्लँकच्या केसमधला फरक ०.२८ मिमी आहे. म्हणजे एका बाजूने ०.२९ आणि दुसऱ्या बाजूने जेमतेम ०.०१ मिमी निघाला. त्यावरून ग्राइंडिंगपूर्वी दोन्ही फ्लँकवर ०.९९ मिमी केस होती असे निघते. टेस्ट पीसवर ती १.१५ होती. भट्टीवाला यांनी आधी म्हटले होते तोच फरक इथे ०.१६ मिमीचा दिसतो, आणि बाकीचा ग्राइंडिंगच्या वाटणीतून आला. टेस्ट पीसमधून ०.१५ वजा करून कागदावर १.०० मिमी लिहिलेले असणार. प्रत्यक्षात भार घेणाऱ्या फ्लँकवर ०.७० उरले.

दंतचक्र

स्टॉक ०.१५ मिमीच आहे.

नवशिका

पण मी वाचले होते की संपर्काखाली शिअर ताण (थर एकमेकांवरून सरकवणारा ताण) सर्वाधिक असतो ती जागा बरीच वर असते. मग तडा ०.८ मिमीवर का निघाला?

रेषाखंड

चांगला प्रश्न आहे. रेषीय संपर्कात सर्वाधिक शिअर ताण संपर्काच्या अर्ध्या रुंदीच्या ०.७८ पट खोलीवर असतो. उदाहरणादाखल सापेक्ष वक्रता त्रिज्या २० मिमी आणि संपर्कदाब १५०० मेगापास्कल धरला, तर अर्धी रुंदी ०.५२ मिमी येते आणि ती जागा सुमारे ०.४ मिमीवर पडते. तिथे शिअर ताण कमाल दाबाच्या ०.३० पट असतो. ०.८ मिमीवर तो ०.२५ पट होतो, म्हणजे ताण फक्त सहाव्या हिश्श्याने उतरतो. तेवढ्याच अंतरात या पिनियनच्या भार घेणाऱ्या फ्लँकवर काठिण्य ५५० एचव्हीच्याही खाली गेलेले आहे. ताण हळूहळू उतरतो आणि धातूची ताकद वेगाने उतरते. त्या दोघांचे प्रमाण जिथे सर्वांत वाईट होते तिथे तडा निघतो. शिवाय केसमध्ये दाबाचा अवशिष्ट ताण असतो आणि त्याचा समतोल राखणारी ओढ केसच्या खालीच असते, त्यामुळे ही सीमा आणखी नाजूक होते. याला केस क्रशिंग म्हणतात आणि तुमच्या खड्ड्यांच्या उभ्या कडा त्याच्याशी जुळतात.

वंगण

मी माझा आग्रह सोडतो, पण ‘ओव्हरलोड नव्हता’ हेही अजून सिद्ध झालेले नाही. भार थोडा वाढला तरी पातळ केसचे दात आधी जातील आणि चित्र असेच दिसेल.

सूक्ष्मदर्शी

हे रास्त आहे. म्हणून अहवालात ‘भार घेणाऱ्या फ्लँकची केस डेप्थ ड्रॉइंगच्या किमान मर्यादेपेक्षा ०.१ मिमी कमी. तडा केस आणि गाभ्याच्या सीमेवर’ एवढे ठामपणे लिहावे, आणि भाराबद्दल मोजलेला टॉर्क हाती येईपर्यंत काहीच लिहू नये. ज्या दातांवर केस पुरेशी आहे त्यांतला एक दातही कापून पाहा. तिथेही खोलवर तडे असतील, तर भाराचा प्रश्न पुन्हा उघडावा लागेल.

दंतचक्र

तो दात कापायला दिला आहे. आता खरी अडचण पुढची आहे. याच बॅचची पिनियन गिअरबॉक्समध्ये बसवण्यासाठी तयार आहेत. न कापता त्यांची छाननी कशी करावी?

अपघर्षक

ग्राइंडिंग मशीनवर स्टॉक डिव्हिजनच्या (दोन्ही फ्लँकवर स्टॉक सारखा वाटण्यासाठी मोजणाऱ्या) प्रोबची नोंद राहत असेल, तर ती सर्वांत आधी काढा. प्रत्येक पिनियनचा दातनिहाय स्टॉक त्यात मिळू शकतो. नोंद नसेल तर एक आडमार्ग आहे. ज्या फ्लँकवरून स्टॉक निघालाच नाही, तिथे ऑक्सिडेशनचा थर आणि त्याखालचा पातळ मऊ भाग शिल्लक असतो, आणि नायटलमध्ये तो फ्लँक शेजारच्यापेक्षा गडद यायला हवा. भार घेणारा फ्लँक न पाहता त्याच्या मागचा फ्लँक पाहायचा. तो गडद असेल तर पुढचा फ्लँक संशयित.

कार्बनरेखा

कल्पना आवडली, पण आधी कापलेल्याच पिनियनच्या दातांवर ती पडताळून पाहा. ०.०१ मिमीऐवजी ०.०४ मिमी स्टॉक निघालेला असेल, तर ऑक्सिडेशनचा थर गेलेला असेल आणि रंग दिसणार नाही, तरी भार घेणाऱ्या फ्लँकची केस पातळच असेल. त्यामुळे गडद दिसला तर पिनियन बाद, हे चालेल; दिसला नाही म्हणून पास, हे चालणार नाही.

भट्टीवाला

बरोबर. स्टॉकची नोंद सापडली नाही, तर भट्टीच्या प्रत्येक चार्जमधले (एका वेळी भरलेल्या मालातले) निदान एक पिनियन कापण्याला पर्याय नाही. पुढच्या बॅचसाठी टेस्ट पीस दाताच्या जाडीशी जुळेल एवढ्या व्यासाचा, त्याच हीटचा घ्या.

दंतचक्र

प्रोबची नोंद सापडली आहे, पण ती काही पिनियनचीच आहे. त्यांची छाननी नोंदीवरून करतो, उरलेल्यांचे मागचे फ्लँक एच करून गडद असतील ते बाजूला काढतो आणि बाकीच्यांतून प्रत्येक चार्जचे एक कापतो.

रेषाखंड

एचिंगनंतर ॲसिड लगेच न्यूट्रलाइज करा, आणि जी पिनियन पुन्हा वापरात जाणार आहेत ती टेम्परिंगच्या तापमानाखाली बेक करून तेलात ठेवा. नाहीतर पुढचा धागा ॲसिडमधून शिरून पोलाद ठिसूळ करणाऱ्या हायड्रोजनवर काढावा लागेल.